माझ्या उंचीची गाडी

१७ एप्रिल १९८२, शनिवार

आजही बस आली नाही! आमच्या काज नोयाल गावच्या फाट्यावर पुस्तकांची पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिले, ऊन डोक्यावर येईपर्यंत. मग चालत घरी. वर डोंगरात, शामारेलच्या पुढच्या वस्तीत, बसंतीच्या ओसरीवर बायका पाट्या घेऊन बसल्या असतील. शाळेतल्या माझ्या मुलांना मराठीचा तास म्हणजे जांभया. या बायका आठवडाभर उसात राबतात आणि शनिवारी स्वतःहून बसतात. आणि मास्तरीण फाट्यावर!

संध्याकाळी मंदिरात गोवर्धनकाका भेटले — आमच्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी. "इंद्राणी, तो डोंगरावरचा वर्ग बंद करू या. जायला वाहन नाही, तू तरी काय करणार?"

मी म्हटलं, "वाहन आहे."

तोंडातून कसं निघालं कोण जाणे.

१८ एप्रिल

वाहन म्हणजे यांची मोतो, मोटरसायकल. एकशे पंचाहत्तरची यामाहा — रस्त्यावर चालते, रानातही चालते. हे जंगलखात्यात होते तेव्हा घेतलेली. पाच वर्षांपूर्वी हे फ्रान्सला कारखान्यात कामाला गेले. जाताना तिच्यावर गोणपाट घातलं आणि म्हणाले, "मी येईस्तोवर हिला कोणी हात लावायचा नाही." मला काय सांगून गेले ते आज आठवायला बसले. आठवेना! बहुतेक काहीच नाही.

शेजारी यांचे थोरले भाऊ राहतात, हरिलाल भावोजी. ते अधूनमधून येऊन किक मारून जातात, इंजिन धरू नये म्हणून. माझी चौकशी जाता जाता, कुंपणावरून.

आज मी गोणपाट काढलं. टाकीवर हात फिरवला. बसले. एका पायाचा अंगठा कसाबसा टेकला, दुसरा अधांतरी! आणि मग गाडी हळूच कलली आणि मला घेऊन आडवी झाली. शेडमध्ये, विळ्या-कोयत्यांच्या मध्ये.

कोणी पाहिलं नाही. या घरात पाहायला आहे कोण?

२ मे

तुलसीरामकडे गेले. चिन्याच्या दुकानामागे राहतो, पूर्वी साखर कारखान्याच्या वर्कशॉपात होता, आता गावच्या सगळ्या मोतो त्याच्याकडे. आमच्या आज्यासारखं जुनं मराठी बोलतो, मध्येच क्रेओल, या बेटावरची बोली.

"बाय गो, ही गाडी बाप्यांची. तुझे पाय पोचाचे नाय."

"म्हणून तर आले. गाडी खाली आण."

हसला. इतका की खोकला आला. मग म्हणाला, "तुझा घोव काय म्हणंल?"

मी म्हटलं, घोव फ्रान्सला आहे. तिथून काही ऐकू येत नाही.

त्यावर हसला नाही. "बरं. आण इकडं," एवढंच.

८ मे, शनिवार

पोलिसात जाऊन शिकाऊ परवाना काढला. खिडकीतल्या शिपायाने दोनदा विचारलं, "तुमच्यासाठीच ना, मादाम?" पितों गावी, माहेरी, लहानपणी सायकल चालवायचे उसाच्या वाटांवरून, चुलतभावांच्या पुढे. ते त्याला सांगावंसं वाटलं. नाही सांगितलं.

१६ मे

सीट कापली! तुलसीराम म्हणाला गादी मी कापतो. मी म्हटलं नको, मीच. पावाच्या सुरीने स्पंज कापत गेले — थोडा, बसून पाहा, अजून थोडा. मागचा भाग तर पूर्णच काढला. तिथे कोण बसणार आहे? तुलसीरामने सळ्या जोडून कॅरिअर बसवलं, पाट्या-पुस्तकांसाठी.

कापलेला स्पंज अंगणात पडला होता, पिवळा, तेलाचे डाग असलेला. यांच्या बसण्याचा आकार त्याला आला होता. फेकताना हात थांबला जरा. मग फेकला.

रात्री जेवताना रेडिओ लावला. फ्रेंच बातम्या. बंद केला.

२३ मे

पुढचं चाक धरणारे दोन पाइप तुलसीरामने पकडीत वर सरकवून आवळले, म्हणजे गाडी पुढून खाली. आता दोन्ही पाय टेकतात — टाचा नाही, पण चवडे. केवढं हायसं वाटलं! उसाच्या वाटेने एक फेरी मारली. दुसऱ्या गिअरमध्ये. वाऱ्याने ओढणी तोंडावर आली, काढून कमरेला बांधली.

२९ मे, शनिवार

पडले. चांगलीच.

गाडी विचित्र झाली आहे. हँडल जरा वळवलं की ती एकदम वळते, आपल्या आधी. खडीवर पुढचं चाक थरथरलं, मी घाबरून ब्रेक दाबला, पुढचा भाग खाली बसला आणि मी उसात! गुडघा सोलला. पडल्या पडल्या वर पाहत होते — ऊस, आभाळ. ओरडावंसं वाटलं. कोणाला हाक मारायची ते ठरेना, म्हणून उठले.

भावोजींनी मला लंगडताना पाहिलं. "तेच तर म्हणतो! चंद्रमोहनची गाडी आहे ती. त्याला कळलं तर?"

कळू दे. कळवा तुम्ही.

३ जून

तुलसीरामशी भांडण. तो म्हणे तुझा हात कच्चा. असेल. पण मी दोन दिवस गाडीकडे बाजूने बघत होते. गाडी पुढे वाकली आहे, उतारावर उभ्या असलेल्या बकरीसारखी. पुढून उतरवली, मागून तशीच ठेवली. मग ती वळणारच अशी!

त्याने लांबून पाहिलं. डोकं खाजवलं. "आयो... खरं गो. माझं चुकलं."

मागचे शॉकअप लहान हवेत. तो म्हणतो एका भंगारातल्या गाडीचे मिळतील, शोधतो.

यांचं पत्र आलं. पाऊस, ओव्हरटाइम, तब्येत बरी. खाली सही. कुटुंबाला पाठवावं तसं नाही, ऑफिसला पाठवावं तसं.

१३ जून

गावात निवडणुकीचे भोंगे, घोषणा, फटाके. सगळे रस्त्यावर. मी आणि तुलसीराम शेडमध्ये मागचे शॉकअप बदलत होतो. जुन्यापेक्षा बोटभर आखूड, पण स्प्रिंग ताठ. पुढच्या पाइपांमधलं तेल काढून जाड तेल भरलं, म्हणजे ब्रेक दाबला की नाक जमिनीला लागणार नाही. क्लचचा दांडा माझ्या बोटांना लांब पडायचा, तो आत वळवून घेतला.

काम संपवून गाडी स्टँडवर उभी केली आणि आम्ही चहा घ्यायला वळलो तर — धाड! गाडी उतरली, पण स्टँड तेवढाच लांब. उभी राहीना बिचारी. तुलसीराम पोट धरून हसला, मीही. किती दिवसांनी कोणाबरोबर हसले! मग स्टँडही कापला.

२० जून

गेली! म्हणजे — मी गेले, तिच्याबरोबर. समुद्रकाठाने ल मोर्नपर्यंत. आता ती मी बघेन तिकडे जाते. आधी नाही, नंतर नाही. गुडघे टाकीला चिकटवले की ती शरीराचाच भाग वाटते. परत येताना मोठ्याने मराठीत बोलत होते, हेल्मेटच्या आत. काहीही. आज काय रांधायचं, शाळेत कोण काय म्हणालं. या गावात माझ्याशी मराठीत बोलणारं तुलसीराम सोडून कोणी उरलं नाही. बाकी सगळे क्रेओल बोलतात, इथे मी ते मराठीत उतरवते एवढंच. मुलंही तास संपला की क्रेओल.

१० जुलै, शनिवार

परवाना झाला. आणि आज डोंगर!

अर्धी चढण ठीक. मग वळणं सुरू झाली आणि इंजिन दमलं — पहिल्यात ओरडतं, दुसऱ्यात मरतं. एका वळणावर बंदच पडली. उतरून ढकलली. उसाची लारी मागून आली, ड्रायव्हर भोंगा वाजवत हसत गेला.

पण पोचले! बसंती धावत आली. चोवीस वर्षांची पोर, बोलायला सगळ्यांच्या पुढे. "मिस, तुम्ही? मोतोवर?" बायका गाडीभोवती जमल्या. आज बाराखडी राहिली बाजूलाच. चाक, साखळी, दिवा, आरसा — फळ्यावर गाडीचीच नावं लिहिली.

१८ जुलै

मागे मोठं दातेरी चाक बसवलं, साखळीला कड्या वाढवल्या. तुलसीराम म्हणाला, "आता वेग कमी, वढ जास्त. चालंल?" चालेल की! मला कुठे शर्यत जिंकायची आहे. सायलेन्सर काढून आतली काजळी जाळली — अंगणभर काळा धूर, भावोजींच्या घरी खिडक्या धडाधड बंद! आणि खोल नक्षीचे टायर.

२४ जुलै, शनिवार

दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण डोंगर. एकदाही पाय न टेकता.

वर पोचून मागे पाहिलं. खाली सगळा समुद्र, खडकावर फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ. कोणाला तरी सांगावं असं वाटलं आणि ते तसंच गिळलं.

२३ ऑगस्ट

गणपती बुडवून आलो. भावोजींकडे सगळं कुटुंब. मला मोदक वाढले, "घे ग, लाजू नको" म्हणाले. मग बायका मुलांच्या कौतुकात, पुरुष पत्त्यांत. मी मधल्या खोलीत, कुठल्याच बाजूला नाही. नवरा असलेली, नसलेली. लवकर उठले. कोणी थांब म्हटलं नाही — वाईट मनाने नव्हे, लक्षातच आलं नाही.

९ ऑक्टोबर, शनिवार

बसंतीला दिवस गेलेत. पाचवा सरत आला. फळ्यावर स्वतःचं नाव लिहिलं, खाली मोकळी जागा सोडली. "इथे बाळाचं नाव, मिस. मीच लिहिणार."

वाट कोरडी होती तरी उतारावर पुढचं चाक किंचित सरकलं. टायरमधली हवा थोडी कमी केली. बरं वाटलं. आता तुलसीरामला न विचारताही कळतं.

२१ नोव्हेंबर

पत्र. हे डिसेंबरात येणार! सुट्टी मिळाली. पाच वर्षांनी.

पत्र ओट्यावर ठेवलं आणि घर झाडायला घेतलं. झाडता झाडता थांबले. काय वाटतंय ते कळेना. आनंदच असणार.

१२ डिसेंबर

प्लेझान्सला विमानतळावर भावोजींबरोबर गेले. हे बाहेर आले ते ओळखू आले नाहीत — केस विरळ, अंगात जाड कोट, या उकाड्यात! मला म्हणाले, "सा वा?" — बरी आहेस? मीही फ्रेंचमध्येच "वी" म्हटलं, हो. परतताना मोटारीत दोघे भाऊ बोलत राहिले.

१४ डिसेंबर

सकाळी हे अंगणात गेले. मी खिडकीतून पाहत होते. गाडीभोवती एक चक्कर मारली. मग शेडमध्ये डोकावले. परत आले.

"माझी गाडी कुठे आहे?"

"हीच."

बसले. गुडघे वर हँडलला लागले, मोठ्या माणसाने लहान मुलाच्या सायकलवर बसावं तसे. सीट चाचपली, मागचं कॅरिअर पाहिलं, कापलेला स्टँड. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"तू चालवतेस?"

"दर शनिवारी. डोंगरावर."

"मला लिहिलं नाहीस."

तुम्हीही काही लिहिलं नाहीत — हे मनातच.

२६ डिसेंबर

यांनी आज पहिल्यांदा नीट सांगितलं. लियोंला खोली आहे. कारखान्यातून आलं की जेवायचं, झोपायचं. रविवारी खिडकीत बसतात, खाली बर्फातून जाणारी माणसं पाहत. "एखादा रविवार तर असा जातो की तोंडातून शब्द नाही निघत." मी त्यांचा हात धरला. इतकी वर्षं मला वाटायचं मी इथे एकटी आणि हे तिथे भरल्या घरात!

म्हणाले, "माझ्याबरोबर चल. कागद मी केलेत. तिकीट काढतो."

हो म्हटलं.

२ जानेवारी १९८३

गावभर बातमी. इंद्राणी फ्रान्सला चालली! भावोजींच्या घरून फराळाचं ताट आलं. गोवर्धनकाका म्हणाले, डोंगरावरचा वर्ग मग बंदच, काय करणार. शाळेतल्या बायका हेवा करतात.

गाडीला भावोजींनी गिऱ्हाईक आणलंय, त्रियोलेचा भाजीवाला. येत्या शनिवारी न्यायला येईल. हे म्हणाले, "त्याला सांगितलंय, सीट बदलावी लागेल."

८ जानेवारी, शनिवार

नखांतला चिखल अजून निघाला नाही, वहीला लागेल.

गिऱ्हाईक दुपारी येणार होतं. मी सकाळी वर गेले, बायकांचा निरोप घ्यायला. "लवकर येते," यांना म्हटलं. डोंगर चढतानाच पाऊस लागला. साधा नाही — भिंतीसारखा.

ओसरीवर कोणी नव्हतं. आतून ओरडणं. बसंतीच्या कळा सुरू झालेल्या, दिवस भरायच्या आधीच! नवरा कामावर, म्हातारी सासू रडतेय. शामारेलपासून वस्तीपर्यंतची वाट लाल गाळ झालेली, मोटार येणं शक्य नाही. सासू म्हणाली, "मिस, तुमची मोतो..."

खाली काज नोयालच्या दवाखान्यात सत्यवती असते. नर्स, जाडजूड, माझ्याच वयाची. कशी उतरले ते देवाला ठाऊक. तिला म्हटलं, "मागे सीट नाही, कॅरिअर आहे." तिने उशी घडी करून घातली, पिशवी गळ्यात अडकवली आणि बसली. "चल! पाडलंस तर तुलाच टाके घालीन."

वर जाताना गाळात मागचं चाक दोनदा सुटलं. दोन्ही वेळा माझे दोन्ही पाय जमिनीला लागले. चवडे नाही — पूर्ण तळवे, कारण सत्यवतीच्या वजनाने गाडी आणखी बसली होती! पाय टेकवत, इंजिन मरू न देता, हळूहळू. ते मोठं दातेरी चाक ओढत राहिलं. सत्यवती मागून घट्ट धरून मोठमोठ्याने कुठल्या तरी देवाचं नाव घेत होती.

मुलगी झाली. इवलीशी, पण रडली! बसंती पांढरीफटक पडली होती, मग हळूहळू तोंडावर रंग आला. सत्यवतीने हात धुतले आणि मला म्हणाली, "पुढच्या वेळेला मागे सीट लाव गो. कंबर गेली माझी."

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. गिऱ्हाईक वाट पाहून गेलं होतं. हे दारात उभे.

"माहीत होतं ना माणूस येणार आहे?"

सगळं सांगितलं. नखशिखांत लाल चिखल, दात वाजत होते. ऐकून घेतलं. आत जाऊन टॉवेल आणला, स्वतः माझं डोकं पुसलं. इतक्या मायेने कोणी माझ्या केसांना हात लावून किती वर्षं झाली!

मग म्हणाले, "तिथे तुला असं धावावं लागणार नाही. कोणी बोलवायलाच येणार नाही."

समजूत काढायची म्हणूनच म्हणाले.

१६ जानेवारी

बॅग भरली. यांनी माझ्यासाठी कोट आणलाय, उंची, राखाडी. बाह्या बोटांच्या पुढे जातात. "दुमडून घाल," म्हणाले.

गिऱ्हाईकाचं अजून नक्की नाही. तोवर किल्ली भावोजींकडे द्यायची ठरलंय. तुलसीराम दारावरून गेला. थांबला नाही, हात केला फक्त.

२१ जानेवारी

उद्या दुपारचं विमान. शेजारणी भेटून गेल्या. हे लवकर झोपले, शांत. झोपेत चेहरा पूर्वीसारखा दिसतो.

किल्ली द्यायची राहिली आहे.

२२ जानेवारी, शनिवार

सकाळी सांगितलं त्याला, मी येत नाही. भांडला नाही. माझा कोट घडी करून स्वतःच्या बॅगेत ठेवला.

चंद्रमोहन एकटाच गेला. तिकिटं दोन होती. विमान डोक्यावरून गेलं तेव्हा मी बसंतीच्या ओसरीवर होते — वर्ग चालू होता.